धुण्याचा संस्कार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर ज्ञान, मातृभाषा, राष्ट्रनिर्माण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. आजचा विषय त्यांच्या पंक्तीला बसणारा नाही. तो मोरीत, नळावर आणि तळ्याच्या पायरीवर सापडतो. तो विषय आहे धुणे. रोज घडते म्हणून ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, अशा या क्रियेत विज्ञान आहे, धर्म आहे, आतिथ्य आहे, आणि माणसाने माणसाला कसे वागवले याचा इतिहासही आहे.

रुआबांध्यातील कोणत्याही घराची सकाळ पाहावी. दार उघडताच पायरीवर पाणी पडते, मागोमाग सडा आणि रांगोळी येते. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नाही आणि आंघोळ झाल्यावाचून देवघराकडे कोणी वळत नाही. तांदूळ दोन पाण्यांनी धुऊन मगच चुलीवर चढतो. भाजी धुतली जाते, डबा धुतला जातो, शाळेचा गणवेश आदल्या रात्रीच भिजत पडलेला असतो. पहिल्या पाळीहून परतणारा कामगार बुटांबरोबर कारखान्याची धूळही दारापर्यंत आणतो. पण कोपरापर्यंत हात धुतल्याखेरीज तो धाकट्या लेकराला उचलून घेत नाही. रात्री भांडी होतात, ओटा पुसला जातो, मोरीवर शेवटची बादली ओतली जाते आणि मग निजानीज होते. दिवस धुण्याने उघडतो आणि धुण्यानेच मिटतो.

म्हणूनच ही क्रिया भाषेतही खोल रुजली आहे. निष्कलंक माणूस धुतल्या तांदळासारखा असतो. संधिसाधू वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो. छळायला निघालेला हात धुऊन पाठीस लागतो. घरातले भांडण बाहेर नेऊ पाहणाऱ्याला, घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असे वडीलधारे बजावतात. कुस्तीच्या फडात आणि क्रिकेटच्या मैदानात प्रतिस्पर्ध्याला धुऊन काढले जाते. एकच क्रियापद निर्मळपणाही सांगते आणि स्वार्थही, लाजही सांगते आणि दरारा देखील. ज्या कृतीला इतकी नावे चिकटतात, ती कृती साधी असली तरी सामान्य नसते.

धुतल्यावर नेमके काय होते, हे प्रथम विज्ञानाच्या अंगाने पाहणे योग्य ठरेल. नुसते पाणी तेलकट डागावरून घरंगळून जाते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते आणि दुसरे तेलाशी. तेलाला धरणारी टोके मळाच्या कणाभोवती गोळा होतात, पाण्याला धरणारी टोके बाहेरच्या बाजूला राहतात, आणि चोळण्या-आपटण्याच्या धक्क्याने तो कण धाग्यावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. पुढचे पाणी त्याला वाहून नेते. साबण येण्यापूर्वी हेच काम रिठा आणि शिकेकाई करीत असत, कारण त्यांच्यात फेस करणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. लाकडाच्या राखेतला क्षार भांड्यांची ओशट सोडवीत असे. परटाकडे कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टी लावली जाई, म्हणजे वाफेवर शिजवले जात. मग दगडावर आपटणे, निळीत बुडवणे, तांदळाची खळ देणे आणि उन्हात वाळवणे असा क्रम चाले. दहा घरांचे कपडे एकाच घाटावर वाळत असूनही ते अदलाबदल न होता परत येत, याचे श्रेय बिब्ब्याला होते. बिब्ब्याच्या तेलाने कापडाच्या कोपऱ्यावर केलेली काळी खूण कितीही धुण्यांत जात नसे. निरक्षर परटाची ती अचूक नोंदवही होती.

या सगळ्या वर्णनात एक गोष्ट सहज निसटून जाते. साबण मळ नष्ट करीत नाही. भट्टी, राख, रिठा यांपैकी कोणीही तो नष्ट करीत नाही. धुण्याने मळ फक्त जागा बदलतो. कपड्यावरचा मळ पाण्यात येतो, पाण्यातला मोरीत, मोरीतला नाल्यात आणि नाल्यातला पुढे कुणाच्या तरी तळ्यात किंवा नदीत जातो. म्हणून काही धुतले जात असताना दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मळ कुठे गेला? आणि तो काढताना हात कोणाचे होते? आजच्या विषयाचे सारे सार या दोन प्रश्नांत आहे.

भिलाईकरांना पहिला प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. पोलादाचा जन्मच मुळी धुण्यातून होतो. दल्ली-राजहराच्या खाणींतून निघालेले लोहखनिज फोडले जाते, चाळले जाते आणि धुतले जाते, कारण त्याला चिकटलेली माती तशीच भट्टीत गेली तर पोलादाचा दर्जा घसरतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते, म्हणून कोकसाठी लागणारा देशी कोळसा कोळसा-धुलाई केंद्रांतून धुऊन येतो. झोतभट्टीच्या तोंडातून निघणारा वायू धुळीने भरलेला असतो. त्यालाही पाण्याच्या फवाऱ्यांखाली अंघोळ घातली जाते आणि स्वच्छ झाल्यावर तो इंधन म्हणून पुन्हा कामाला लावला जातो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून खनिज, कोळसा आणि वायू यांचे हे धुणे अखंड चालू आहे, आणि या परिसरातील असंख्य मराठी संसार त्याच धुण्यावर उभे राहिले आहेत.

पण खनिज धुतल्यावर उरलेला तांबडा गाळ जातो कुठे? तो अडवून साठवण्यासाठी मुद्दाम तलाव बांधावे लागतात. जेथे तो नीट अडवला गेला नाही, तेथे त्याने नद्या रंगवल्या. बस्तरमधील बैलाडिलाच्या डोंगरांतून वाहणाऱ्या शंखिनी नदीचे पाणी खनिजाच्या धुवणाने तांबडे झाले आणि काठच्या आदिवासी गावांनी ते वर्षानुवर्षे सोसले. खनिज स्वच्छ झाले, नदी मळली. एका ठिकाणचे स्वच्छतेचे श्रेय दुसऱ्या ठिकाणच्या मळावर उभे राहू शकते, याचा याहून ठळक धडा शोधूनही सापडणार नाही.

मळ नेहमी डोळ्यांना दिसतोच असेही नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर एका कोड्याने अस्वस्थ होता. तेथे प्रसूतीचे दोन कक्ष होते. सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या कितीतरी अधिक होती. हे विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट प्रसूतिकक्षात येत असत. त्यांच्या हातांवरून काहीतरी घातक स्त्रियांपर्यंत पोहोचते, असे अनुमान काढून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिल महिन्यात त्या कक्षातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १८ च्या घरात होते. उन्हाळ्याच्या पुढच्या महिन्यांत ते शेकडा २ च्या आसपास आले.

इतका स्पष्ट पुरावा समोर असूनही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांनी तो मानला नाही. जंतूंचे शास्त्र अजून पुढे आलेले नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मानवी होते. सद्गृहस्थाच्या हातांनी मृत्यू पसरतो, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. मळ असायचा तो गरिबांच्या वस्तीत, अडाण्यांच्या घरात. विद्वानांच्या हातावर तो कसा असेल? सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात उपेक्षित अवस्थेत मरण पावला. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कार्याने त्याचे म्हणणे खरे ठरले. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा जागतिक हातधुणे दिन म्हणून पाळला जातो, आणि २०२० च्या महामारीत तर हात धुणे हा घराघरांतला पहिला पाठ झाला. स्वतःच्या हातावर मळ असू शकतो, हे मान्य करण्याची नम्रता साबणाच्याही आधी लागते, हे मात्र त्या व्हिएन्नाच्या कक्षाने शिकवले.

विज्ञानाला हे उमगण्यापूर्वी कित्येक शतके लोकजीवनाने धुण्याला संस्काराचे रूप दिले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून घातलेले अभ्यंगस्नान हे केवळ शरीराचे धुणे नसते. घरातल्या सर्वांत मोठ्या हाताने सर्वांत लहान पाठीवरून फिरवलेली ती माया असते. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यासाठी तांब्या पुढे करणे हे शब्दांवाचूनचे स्वागत असते. राजसूय यज्ञात प्रत्यक्ष श्रीकृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम पत्करले, असे भागवत सांगते. सिंहासनाच्या शेजारी बसण्यापेक्षा हे काम त्याने मोठे मानले. छत्तीसगढी लग्नात पाय पखारण्याचा विधी असतो आणि महाराष्ट्रातील विवाहातही वराचे पाय धुतले जातात. यांपैकी कोणत्या प्रथेत प्रेम अधिक आणि कोणत्या प्रथेत वधूपक्षाची अकारण लाचारी अधिक, याचा विचार मात्र आजच्या सुजाण पालकांनी करावा.

छत्तीसगढच्या मातीत तर धुणे तळ्याशी बांधलेले आहे. ‘बांधा’, ‘बंधवा’ हे शब्द येथील बोलीत बांध घालून अडवलेल्या पाण्यासाठी येतात. रुआबांधा या नावातही तो शब्द आहेच. गावच्या तळ्याला येथे ‘तरिया’ म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांना ‘पचरी’. नळ येण्यापूर्वी सारे गाव पचरीवर भेटत असे. कपडे आपटता आपटता सुखदुःखे सांगितली जात, सोयरिकी जुळत, रुसवे निघत. घरात मृत्यू झाला की ठरावीक दिवशी ‘नहावन’ होते; भाऊबंद आणि शेजारी तळ्यावर एकत्र स्नान करतात आणि दुःखी घराला पुन्हा गावात घेऊन येतात. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना हे परके वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्याकडे दहाव्याचा घाट होताच. आज तांदुला कालव्याचे पाणी मरोदा जलाशयात येते आणि तेथून नळाने घरोघरी पोहोचते. बायकांच्या डोईवरचा हंडा उतरला, ही मोठीच गोष्ट झाली. पचरीवरची भेट मात्र त्याबरोबर गेली.

संस्काराची ही बाजू जितकी लोभस, तितकीच त्याची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. धुण्याने माणसे जोडली गेली, तशी तोडलीही गेली. सोवळे-ओवळे यांच्या मर्यादा वाढत वाढत अशा ठिकाणी पोहोचल्या, की मळ हा वस्तूवर न राहता माणसाच्या जन्मावर डकवला गेला.

महाडचे चवदार तळे याचे साक्षीदार आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले करण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, आणि मग सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात पाण्यात ओतल्या गेल्या. ज्या पाण्याने जगाने धुवायचे, ते पाणीच धुतले गेले! माणसाच्या ओठांचा स्पर्श हा मळ ठरला आणि शेण हे शुद्धीचे साधन ठरले. न्यायालयात हा वाद दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य केला. त्या दिवशी खऱ्या अर्थाने काही धुतले गेले असेल, तर ते तळे नव्हे.

येथे दुसरा प्रश्न समोर येतो : हात कोणाचे?

गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत परीट होता. गावाचे कपडे तो धुवी आणि सुगीला धान्याच्या रूपाने त्याचे बलुते मिळे. बाळंतिणीचे, आजाऱ्याचे, सुतकाचे, म्हणजे ज्या कपड्यांना घरचे हात लागायला नाखूश असत, ते कपडे त्याच्याकडे जात. लग्नात वराच्या वाटेवर पायघड्या अंथरण्याचा मानही त्याचाच होता. त्याने धुतलेले वस्त्र पवित्र होते आणि तो स्वतः मात्र उतरंडीत खालचा होता. मळ काढणाऱ्यालाच मळका ठरवण्याची ही रीत गावात राहिली नाही. ती शहरातही आली. मुंबईत महालक्ष्मीच्या पुलाखाली १८९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या धोबीघाटात दगडी हौदांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक हौदाला कपडे आपटण्याचा दगड आहे. पुलावरून जग त्या हौदांची छायाचित्रे घेते; गुडघाभर पाण्यात दिवस काढणाऱ्या माणसाचे पाय कसे झाले असतील, हे छायाचित्रात येत नाही.

लोकपरंपरेने मात्र एका कहाणीत ही उतरंड उलटी करून ठेवली आहे. सोमवती अमावास्येची कहाणी पूर्वी घरोघरी ऐकली जाई. ब्राह्मणाच्या मुलीच्या नशिबी वैधव्य असते, आणि ते टाळण्याचे सामर्थ्य सात समुद्रांपलीकडे सिंहलद्वीपात राहणाऱ्या सोमा परटिणीजवळ असते. मुलगी तेथे जाते, पहाटे कोणाच्याही नकळत त्या परटिणीचे घर झाडते, सारवते. सोमेला ते कळते, ती प्रसन्न होते, लग्नाला येते आणि आपले पुण्य देऊन नवरदेवाचे प्राण परत आणते. कहाणी चमत्काराची आहे, पण तिचा मथितार्थ चमत्काराच्या पलीकडचा आहे. जन्मभर इतरांचे कपडे धुणाऱ्या बाईच्या गाठी असे पुण्य जमा होते, की उच्चकुलीन घराने तिच्या अंगणात केरसुणी धरावी. कहाणी सांगणाऱ्या आजीबाईंनी हा अर्थ कधी उलगडून सांगितला नसेल. पण तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला.

आणि मग प्रत्यक्ष इतिहासात एक माणूस होऊन गेला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. दारूपायी वडील लवकर गेले, आणि डेबूजी मामाच्या घरी गुरे राखीत, शेती करीत वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यानेच त्यांना नाव दिले, गाडगेबाबा. गावात पोहोचले की ते प्रथम झाडू मागत. दिवसभर गावचे रस्ते, गटारे, उकिरडे साफ होत आणि रात्री कीर्तन होई. दिवसा गावातली घाण निघे आणि रात्री मनातली. कर्ज, दारू, पशुबळी, शिवाशिव यांवर ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. शाळेत न गेलेल्या या माणसाने अध्यापनाची प्रश्नोत्तर पद्धत किती परिणामकारक असते, ते दाखवून दिले. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट उभा राहिला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र ते एकाही इमारतीत मालक म्हणून राहिले नाहीत.

१९५६ हे वर्ष या परिसरासाठीही महत्त्वाचे. तोवर अमरावती आणि दुर्ग हे एकाच राज्यात नांदत होते. १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ मध्य प्रदेशात राहिला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांनी अमरावतीजवळ देह ठेवला. भिलाईच्या माळावर कारखान्याचे पाये खोदले जात होते, ते हेच दिवस. येथे आलेल्या मराठी माणसाने आपल्याबरोबर गणपती आणला, हळदीकुंकू आणले, मराठी शाळा आणली. त्याने गाडगेबाबांचा झाडू किती आणला, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

कारण प्रश्न घरातूनच सुरू होतो. बहुतेक घरांत धुणे हे स्त्रीच्या वाट्याला जन्मतःच आलेले काम समजले जाते. यंत्र आले, तरी त्यात कपडे टाकणारा, काढून वाळत घालणारा आणि घड्या करणारा हात सहसा बदलला नाही. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी चार घरांचा मळ उचलतात. त्यांना कप वेगळा ठेवला जातो, अशी घरे अजून आहेत. ज्या हातांनी घासलेल्या ताटात घर जेवते, त्या हातांना त्याच घरातला कप चालत नसेल, तर महाडच्या त्या १०८ घागरी पुरत्या रिकाम्या झालेल्या नाहीत, असेच म्हणावे लागेल.

शाळेच्या बाबतीतही कधी कधी एक तक्रार कानी येते. मूल शाळेत शिकायला पाठवले आहे, फडकी धुवायला नव्हे, असे एखादे पालक म्हणतात. त्यांची कळकळ खरी असते. ज्यांच्या वडिलांना लहानपणी केवळ जातीमुळे झाडलोट करावी लागली, त्यांना आपल्या मुलाच्या हाती झाडू दिसला की जुनी जखम उघडते. ही वेदना शाळेने मान खाली घालून ऐकली पाहिजे. म्हणूनच नियम एवढाच असावा, की जे काम एका मुलाला, ते प्रत्येक मुलाला. आणि जे मुलांना, ते शिक्षकांनाही. फळ्याचे फडके अधिकाऱ्याच्या मुलाने धुवावे आणि कंत्राटी कामगाराच्या मुलीनेही. मुलगे आणि मुली यांच्यात पाळ्या सारख्या वाटल्या जाव्यात. शिक्षा म्हणून कोणालाही झाडू दिला जाऊ नये, कारण शिक्षा म्हणून दिलेले काम मुलाच्या मनात जन्मभर हलके ठरते. काम सर्वांचे झाले की ते कोणाच्याच जातीचे राहत नाही.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना दगडी पाटीचे दिवस आठवत असतील. पाटी पुसायला ओले फडके लागे, आणि ते हाताशी नसले की थुंकी लावून तळव्याने पाटी पुसण्याचा सोपा मार्ग असे. बाईंच्या ते दृष्टीस पडले की रागावणे ठरलेले : पाटी ही सरस्वती आहे, तिच्यावर थुंकायचे नसते. मग नळावर रांग लागे. पाटी धुतली जाई, उन्हात धरून वाळवली जाई आणि काळीशार होऊन परत येई. आदल्या तासाचे चुकलेले गणित त्या पाण्याबरोबर वाहून गेलेले असे. बाईंनी त्या वेळी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. ज्यावर शिकायचे, त्याचा मान राखायचा. आणि आपली पाटी आपणच धुवायची, शेजारच्याला धुवायला लावायची नाही.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला देणग्या मिळतील, नव्या खोल्या होतील, रंगरंगोटी होईल. या सर्वांचे स्वागत आहे. त्याबरोबर प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि पालकाने एक लहानशी भेट आपल्या घरालाच द्यावी. जेवण झाल्यावर आपले ताट आपण घासावे, आणि मुलाने ते पाहावे. मावशींना घरातल्याच कपात चहा द्यावा, आणि मुलाने तेही पाहावे. मोरीतले पाणी जाते कुठे, हे मुलाने विचारले तर त्याचा हात धरून त्याला नाल्यापर्यंत न्यावे आणि दाखवावे. शाळेतही मधल्या सुट्टीनंतर हात धुण्याच्या नळांचे पाणी नालीत न सोडता कुंपणाजवळच्या झाडांना दिले जावे, आणि ती चर खणण्याचे पहिले फावडे या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, अशी या मेळाव्यात विनंती आहे.

मुले आपले डबे धुतील, ते पाणी झाडांच्या मुळाशी जाईल, आणि मळ कुठे गेला या प्रश्नाला निदान या अंगणापुरते तरी सांगण्यासारखे उत्तर असेल.